मंगलाताईंच्या नावावर घातलेली चूक

माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं माझ्या बायकोला वाटतं. हे मात्र तिला ठाऊक नाही. माझ्या पार्टनरलाही नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्हालाच का, ते माझं मलाही नीट कळलेलं नाही.

आधी एक सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मी कामात कच्चा माणूस नाही. कोड मी तेव्हाही चांगला लिहायचो, आजही लिहितो. ही गोष्ट न येणाऱ्या माणसाची नाही. येत होतं, कळत होतं — आणि तरीही केलं, त्याची आहे.

इंदूरमध्ये तेव्हा एकेक मिल बंद पडत होती. परदेशीपुऱ्यात, मिल कामगारांच्या वस्तीत, दुपारच्या वेळीही कर्ती माणसं ओट्यावर बसलेली दिसायची. आणि त्याच दिवसांत तिकडे पीथमपूरला नव्या फॅक्टऱ्यांत कॉम्प्युटर येत होते — प्रत्येक ठिकाणी निराळे. फॅक्टरीत युनिक्स, शहरातल्या ऑफिसात विंडोज. एकीकडची फाईल दुसरीकडे न्यायची तर माणूस फ्लॉपी खिशात घालून बसनं जायचा. आमच्या चार माणसांच्या कंपनीनं यावर एक प्रोग्राम काढला होता. दोन मशीनवरच्या फाईली तो फोनलाइनवरून ताडून बघायचा आणि दोन्हीकडे सारख्या ठेवायचा. इकडे बदललं की तिकडे बदल, इकडे पुसलं की तिकडे पूस. पण तो चालायचा फक्त युनिक्सवर. विंडोजवरही चालेल असा करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी सव्वीस वर्षांचा होतो. चार महिन्यांत केलं. शर्माजी, आमचे मालक, सगळ्यांना सांगत सुटले, “भिया, अपना लड़का कमाल है।”

मंगलाताई तिथं टेस्टिंगला होत्या. वय पंचेचाळीसच्या पुढं. आधी मिलच्या टाइम ऑफिसात होत्या — कामगारांची हजेरीची कार्डं सांभाळायच्या. मिल बंद झाली, तेव्हा त्यांनी सियागंजजवळच्या एका क्लासात पोरींच्या शेजारी बसून कॉम्प्युटर शिकून घेतला आणि आमच्याकडे आल्या. सांगितलेलं काम करून थांबायच्या नाहीत. जे सांगितलं नाही तेही करून बघायच्या, आणि काय झालं ते एका वहीत तारखेसकट लिहायच्या. खरं सांगू? मला त्याचा वैताग यायचा.

एका शुक्रवारी त्या वही घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

“अनिरुद्धजी, एक बघा बरं. युनिक्सवर नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल, म्हणजे मोठं केलं की वेगळी फाईल, छोटं केलं की वेगळी. विंडोजला मात्र दोन्ही एकच वाटतात. दुसरी पहिलीच्या जागी जाऊन बसते.”

“हां, ताई. असं नाव कोण ठेवतंय?”

“आमच्या मिलमध्ये दोन रामलाल होते,” त्या म्हणाल्या. “एक बुनाई खात्यात, एक रंगाईत. नवीन टाइमकीपर आला, त्याला वाटलं एकाच माणसाची दोन कार्डं झालीत. त्यानं एक फाडून टाकलं. तो बिचारा गेटवर उभा, आणि रजिस्टर म्हणतंय असा माणूसच नाही. तुमचा प्रोग्राम तसंच करतो हो. पुढच्या फेरीला त्याला विंडोजवर एकच फाईल दिसते. मतलब दुसरी कुणीतरी मुद्दाम पुसली असं समजून तो युनिक्सवरचीपण पुसून टाकतो.”

मी म्हणालो, “बघतो.”

आणि बघितलं — हेच तर सांगायचंय. त्या गेल्यावर मी स्वतः करून बघितलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. त्यांचं अक्षर न् अक्षर खरं होतं. सुधारायला आठवडा लागला असता. सोमवारी पीथमपूरला एका पार्ट बनवणाऱ्या फॅक्टरीत प्रोग्राम बसवायचा होता, आणि शर्माजी माझं नाव घेऊन शब्द देऊन बसले होते. शब्द मोडला असता तर काय झालं असतं? चार दिवस बोलणी खावी लागली असती. बस्स, एवढंच. मी शर्माजींना सांगितलं नाही, आणि ताईंनी विचारलं तेव्हा ‘झालं ते’ म्हणालो. सोमवारी प्रोग्राम बसला. रोज तो चालवायला फॅक्टरीत ताईंनाच पाठवलं; कुठल्या मशीनपासून सुरू करायचं ती कमांड मी लिहून दिली होती.

तिथल्या ड्राफ्ट्समनची एक रीत होती, जी आम्ही कुणी विचारलीच नव्हती. चालू काम छोट्या अक्षरात, मंजूर झालेलं ड्रॉइंग त्याच नावानं, पण मोठ्या अक्षरात. दोन आठवड्यांत मंजूर ड्रॉइंगं एकेक करून गेली. कुणाच्या लक्षात आलं तोवर बॅकअपच्या टेपवरही तीच पुसलेली अवस्था चढली होती. पाच-सहा माणसं कागदावरची जुनी मापं घेऊन सगळं पुन्हा काढायला बसली.

फॅक्टरीचे मॅनेजर आमच्या ऑफिसात आले. शर्माजी, ते, मी, आणि दाराशी मंगलाताई. शर्माजींनी मला विचारलं, “क्या हुआ भिया? प्रोग्राम में गड़बड़ है?”

अजून वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मला येत नव्हतं का?

मी म्हणालो, “नहीं सर। प्रोग्राम ठीक है। कमांड उल्टी दिशा में चली होगी। ऑपरेटर की गलती है।”

आवाज जरासुद्धा कापला नाही. माझा आवाज असाच आहे — ठाम. लोक विश्वास ठेवतात.

ताई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, “मी तर रोज लिहून दिलंय तशीच चालवली.” मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं — “उलटी चालवली असेन का मी?” मघाशी मी इतक्या खात्रीनं बोललो होतो ना — त्यांची स्वतःवरची खात्री तिथंच हलली. मला ते दिसलं. मी बघत राहिलो.

त्या महिन्याअखेर त्यांना कामावरून निरोप मिळाला. आधी टाळं लागून मिल गेली होती, आता ही नोकरी. वही त्या ऑफिसातच ठेवून गेल्या. ऑफिसची आहे म्हणाल्या. शुक्रवारचं ते पान मी फाडलं, आणि कुणाला शंका नको म्हणून त्याच्या जोडीचं मागचं पानही फाडलं. मग आठवडाभर बसून प्रोग्राम सुधारला. नावं ताडून बघायची, टक्कर दिसली तर थांबायचं, माणसाला विचारायचं, आपणहून काही पुसायचं नाही.

ती सुधारणा खरंच सुरेख झाली. त्यावरच आमचा प्रोग्राम पुढं पाच तऱ्हेच्या मशीनवर चालला, शर्माजींनी मला भागीदारी दिली, आणि नंतर माझी स्वतःची कंपनी झाली. आता नवीन मुलं कामाला लागतात, तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना दोन रामलालांची गोष्ट सांगतो. म्हणतो, माझे वडील मिलमध्ये टाइमकीपर होते, त्यांच्याकडून ऐकलेली. माझे वडील शाळेत भूगोल शिकवायचे. मिलच्या आत त्यांनी कधी पाऊलही टाकलं नाही.

म्हणजे त्यांची नोकरी घेतली, त्यांचं चांगलं नाव हिरावून घेतलं, आणि मग त्यांची गोष्टही घेतली.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात त्या दिसल्या. केस पांढरे झालेले, सोबत कॉलेजात जाणारी नात. मला वाटलं, ओळख दाखवणार नाहीत. त्याच हसत पुढं आल्या. नातीला म्हणाल्या, “हे अनिरुद्धजी. फार मोठे इंजिनियर आहेत. आम्ही एका ऑफिसात होतो.” आणि मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून —

“माझ्या हातून तेव्हा फार मोठी चूक झाली हो. कशी झाली, अजून कळत नाही. तुमच्या चांगल्या कामाला बट्टा लागला. त्यानंतर मी कॉम्प्युटरला हात लावला नाही.”

नात शेजारी उभी होती. ऐकत होती.

मी म्हणालो, “जाऊ द्या ताई. होतं असं. मी कधी मनात ठेवलं नाही.”

त्यांचे डोळे भरून आले. “मोठ्या मनाचे आहात,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना माफ केलं — कळतंय ना तुम्हाला? मी, त्यांना.

त्या अजून परदेशीपुऱ्यातच राहतात. माझ्या ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर. घर मला माहीत आहे. मी गेलेलो नाही.