खंडेनवमीला पुसलेली पेटी

गायकवाड सर सकाळच्या चहाआधी माळाच्या टोकाला जायचे आणि तिथे रोवलेला तिकोनी पत्रा शर्टाच्या बाहीने पुसायचे. त्यावर दव राहिलेलं त्यांना खपत नसे. मी त्यांच्या खोलीवर स्वयंपाक आणि झाडलोट करायची.

भंडारदऱ्याकडच्या आमच्या माळावर त्यांनी शेदोनशे अँटेना उभ्या केल्या होत्या. त्या सगळ्या मिळून समोरच्या डोंगराचं चित्र काढायच्या. डोंगर सरकायला लागला की चित्रात आधी दिसेल आणि खालच्या वाडीला वेळेवर हलवता येईल, एवढ्यासाठी सर दोन वर्षं घर सोडून राहिले होते.

ते देवळालीकडचे, त्यामुळे बोलणं आपल्यासारखंच. एकदा मी भीत भीत विचारलं, "सर, पत्र्याचं काय काम?"

म्हणाले, "मावशी, उनानं एकेक अँटेना जराजरा चुकती. मग समद्यांनी त्या पत्र्याकडं बघायचं अन् कुनाचं किती चुकलं ते आपापसांत काढायचं. डोंगराला नावं ठिवायच्या आदी आपलं वाकडं बघावं."

हे शेवटचं वाक्य ते भाजी खारट झाली तरी म्हणायचे, हसत.

सगळ्या अँटेनांच्या वायरी एका पेटीत येऊन मिळायच्या. खंडेनवमीला मी विचारलं, "वायरींच्या पेटीची पूजा करू का?"

"करा की. तिच्यावरच पोट हाय आपलं."

ते नारळ आणायला गेले. पेटीच्या मागे मुंग्यांनी माती केली होती, म्हणून मी दोन वायरी काढल्या, पुसून घेतलं आणि परत लावल्या.

त्यानंतर चित्र बिघडलं. पत्रा लख्ख दिसायचा, कारण सगळ्या अँटेना त्याच्यावरच जुळवलेल्या; डोंगर मात्र फिसकटलेला. सर महिनाभर गणितं करत बसले. ताट तसंच गार व्हायचं. "माझंच कुटंतरी चुकतंय, मावशी," म्हणायचे. माझ्या हातून वायरींची अदलाबदल झाली असेल, हे रोज मनात यायचं. पण जीभ उचलायची नाही. भाकरी वाढून मी आत जायची.

वरचे साहेब आले, चित्र पाहिलं आणि काम बंद करायला सांगून गेले.

सामान न्यायला टेम्पो आला. निम्म्या अँटेना चढवून झाल्यावर सर पेटीच्या वायरी काढायला बसले. दोन वायरींवरचे आकडे त्यांनी पेटीवरच्या आकड्यांशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिले.

"मावशी, दसऱ्याच्या टायमाला पेटी मागनं पुसली हुती का?"

"न्हाई," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्या दोन्ही वायरी गुंडाळत म्हणाले, "मीच बघाया पायजे हुतं."

पाऊस लागला की वाडीतली माणसं अजून डोंगराकडे नुसत्या डोळ्यांनी बघत बसतात. माझी लेक त्याच वाडीत दिलेली आहे.