तोंडी परीक्षेला आणलेली मेंढरं

सृष्टीला तंद्री लागली की लागली. मेंढरं कुणाच्या हरभऱ्यात शिरोत नाहीतर ओढ्यात उतरोत, ही आपली उभी. डोळे उघडे, पण समोर भूगावातलं एखादं हॉस्पिटल, लांबच लांब वऱ्हांडा, आणि त्यातून पांढरे बूट घालून हळूहळू येणारी ती स्वतः. कुणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारायचं आणि तिला आतून गुदगुल्या व्हायच्या. "गेली बया कुटंतरी," आई चिमाबाई म्हणायची, पण तिला हलवायची नाही.

नर्सिंगला जायचं तर बारावी निघायला हवी, आणि त्यासाठी इंग्रजीची तोंडी द्यायलाच हवी. सहामाहीला लांबच्या रानातून पोचेपर्यंत दार बंद झालं होतं. म्हणून या खेपेला बाप येसाजीनं डोकं लढवलं. कॉलेजच्या मागंच हैबतरावांचं भातखाचर, तिथंच खतासाठी मेंढरं बसवली. कळप, कुत्री, चूल, अख्खा वाडाच परीक्षेला आणला म्हणा ना! "आता कसा उशीर हुतोय बगू," म्हणाला. लई खूश होता गडी.

तोंडी घ्यायला हेमलता मॅडम बाहेरून आल्या होत्या. बारावीनंतर काय करणार, असं त्यांनी इंग्रजीत मऊपणानं विचारलं. सृष्टीला वऱ्हांडा दिसायला लागला आणि शब्द आपोआप येऊ लागले. तेवढ्यात मागच्या खिडकीतून मेंढी ओरडली. विताना अडली होती बिचारी. आणि ती चांदीच, सृष्टीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली! धनगराच्या घरात असा आवाज आला की हातातला घास टाकून धावायचं, तिथं विचार करत कोण बसतो? सृष्टी उठलीच.

"अगं, कुठे निघालीस? बाहेर गेलीस तर गैरहजर लावावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

आवाज एकाएकी थांबला.

गेली. माझी चांदी गेली. सृष्टी परत खाली बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून इंग्रजी. अडलेल्या बाईजवळ बसण्याबद्दल, तिचा हात धरण्याबद्दल ती बोलत राहिली. मॅडमनी पाण्याचा पेला पुढे केला.

सुटल्या सुटल्या ती खाचराकडे धावली. येसाजीचे हात कोपरापर्यंत भरलेले, आणि त्याच्यापुढं ओलं कोकरू उभं राहायची खटपट करत होतं. चिमाबाईनं चांदीचं तोंड दोन्ही हातांनी गच्च दाबून धरलं होतं. अजून सोडलं नव्हतं.

"वरडत ऱ्हायली असती तर तू उटून आली असतीस," ती म्हणाली. "म्हनून धरलं."

"मी उटलेच हुते, आये."

"ठावं हाय मला." चिमाबाईनं आता कुठं हात सोडले. "तोंडी समदी दिलीस न्हवं?"

सृष्टीनं मान हलवली.

"मग रड आता खुशाल."