बिड्री, आक्का

त्या दिवशी संकेश्वरच्या अलीकडे क्लचनं दगा दिला, तेव्हा देवाला आमच्या घराचा कंटाळा आला असावा असंच मला वाटलं. निपाणीत आईनं आदल्या दिवशी जैनांच्या पर्वातला निर्जळी उपवास केला होता. खरं तर त्या सकाळीच सोडायचा, पण लेकीच्या हातचं पाणी घेऊनच सोडीन, असा तिनं हट्ट धरला. मी बेळगावात शिक्षिका. शाळा सुटल्यावर निघाले. आमच्यात दिवस बुडाल्यावर काही घेत नाहीत, पाणीसुद्धा नाही. मला उशीर झाला तर आणखी एक रात्र तिला कोरड्या घशानं काढावी लागणार होती, आणि दुपारीच तिला भोवळ आली होती. थोरल्या भावानं फोनवर एवढंच सांगितलं, "आई ऐकत न्हाय गं. लवकर ये."

क्लच गेले काही दिवस जड लागत होता. दुरुस्तीला नेण्याऐवजी मी पेडल जोरात दाबत होते. माझ्या स्वभावाला धरूनच झालं ते. आता पेडल दगडासारखं बसलं. गाडी कशीबशी कडेला घेतली. भावाला बोलवावं तर आईजवळ दुसरं कुणी नाही. आणि गाडी टाकून जायला मन होईना. कुणाचे उपकार नकोत म्हणून हट्टानं घेतलेली गाडी ती. णमोकार म्हणत मी दोन्ही पायांनी पेडल रेटत राहिले. ऊन उतरत चाललं होतं.

एवढ्यात झेंडूच्या फुलांचा टेम्पो थांबला. आत नवराबायको होते. सगळं ऐकून घेऊन तो शांतपणे म्हणाला, "बिड्री, आक्का." कानडीत सोडा म्हणाला, म्हणून मी पेडलवरचा पाय काढला आणि पुन्हा दाबला. "बिड्री," तो परत म्हणाला. मी परत पाय काढला. तेव्हा त्याची बायको हसली आणि मराठीत म्हणाली, "पाय न्हाय ओ आक्का. गाडी सोडा."

मला एकदम रडू आलं. गाडीला कुलूप लावलं. ती बाई मला पुढची जागा देऊन मागं फुलांत जाऊन बसली.

दारात उतरले तेव्हा कौलांवर ऊन होतं. आत जाऊन आईच्या ओठांना पेला लावला. ती सावकाश पाणी प्याली. आभार मानायला धावत बाहेर आले, तर टेम्पो वळून पुन्हा संकेश्वरच्या वाटेला लागला होता. त्यांना निपाणीला यायचंच नव्हतं. नावही विचारायचं राहिलं. आजही णमोकार म्हणताना त्या दोघांसाठी हात जोडले जातात.

आईनं विचारलं, गाडी कुठाय. म्हटलं, रस्त्यात सोडून आले.

"बरं केलंस," आई म्हणाली. "तू सोडलीस, म्हणून माझा उपास सुटला."