डाव्या चाकाचं कुंकू

देवावर माझा राग नव्हता, पण भरवसाही नव्हता. नव्वदच्या दशकात आमच्या बेलापूरकडच्या गावाभोवती शेतांच्या जागी इमारती उठत होत्या, आणि मी एक जुनी फोर-व्हील जीप घेऊन सुटीच्या दिवशी सह्याद्रीतल्या बैलगाडीच्या वाटा धुंडाळत होतो. डोंगराच्या सोंडेवर इंजिन बंद करून खालचं हिरवं खोरं बघत बसलं, की मला दुसरं काही लागत नसे. वाटेत देऊळ लागलंच तर बाहेरूनच हात जोडायचो, तेही चपला न काढता.

आईचं नेमकं उलट. कर्जतच्या पुढे डोंगरमाथ्यावर आमची देवी आहे. नवरात्रात चालत वर जाऊन तिची ओटी भरायची, हा आईचा नेम होता. खुब्याचं हाड मोडलं आणि तो नेम तुटला. सगळ्या आळीला हसवणारी माझी आई भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. जेवण टाकलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, पण यांनाच उठायचं नाहीये. तेव्हा मात्र मी घाबरलो. तिला म्हटलं, "आये, चल, तुला जीपनं वर नेतो." ती उठून बसली.

पायथ्याशी डांबर संपलं. त्या काळच्या जीपमध्ये नुसता आतला दांडा ओढून भागत नसे. खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यावरची चकती, तिच्यावरची खूण उभी होईपर्यंत, हाताने फिरवावी लागे, तेव्हा कुठे त्या चाकांना इंजिनाचा जोर मिळे. मी उजवीकडची फिरवली, तोच आईने आतून कुंकवाचा करंडा पुढे केला. "चारी चाकांना कुकू लाव रं. तिचे डोंगरावर चाललाव." देवीच्या चढाला लागण्याआधी गाडीची चाकं पुजायची, ही आमच्याकडची रीत. मी वैतागलो. "आये, आधीच उशीर झालाय," म्हणत तसाच आत बसलो.

वाट फार देखणी होती. दोन्हीकडे सोनकी फुलली होती, आणि आई लहान मुलीसारखी बोटाने एकेक दाखवत होती. शेवटच्या वळणावर ओल्या तांबड्या मातीत मागची चाकं गरगरली आणि जीप दरीकडे सरकली. आईला उचलून एका दगडावर बसवलं. दांडा ओढलेलाच होता. चाकांखाली दगड लावले, फांद्या टाकल्या. जोर दिला की गाडी आणखी कडेला जाई.

"तिची विच्छा नाय वाटतं," आई म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. तिचं ते तोंड फिरवणं मी घरी रोज बघत होतो. मला रडू आलं. माझी सगळी हुशारी संपली होती. मनातल्या मनात देवीला म्हणालो, माझं बघून झालंय, आता तू बघ.

थोड्या वेळाने वरून एक ठाकरीण मोळी घेऊन उतरली. आईने तिला हाक मारली आणि करंडा दिला. "बाय, मना चालवत नाय. चाकांना कुकू लावशील?" तिने मोळी टेकवली आणि हसत एकेका चाकाला बोट लावत गेली. पुढच्या डाव्या चाकाशी थबकली. "दादा, या चाकावरची खूण आडवी कशी? पल्याड तर उभी हाय."

मी धावलो. डावी चकती फिरवायचीच राहिली होती. पायथ्याशी कुंकू लावलं असतं, तर या चाकाशी वाकावंच लागलं असतं. चकती फिरवली, आईकडे एकदा बघितलं आणि गाडी हलकेच पुढे घेतली. पुढच्या चाकांनी माती धरली आणि जीप वर आली.

मी परत आईपाशी आलो, तेव्हा ती बाई वळणाआड गेली होती. आईने ओटीतला हिरवा खण तिला देऊन टाकला होता. "देवीला काय वाहणार?" मी विचारलं. "नारळ हाय ना. खण पोचला," ती म्हणाली. देवळात मी चपला काढल्या आणि आईला कडेवर घेतल्यासारखं उचलून गाभाऱ्यापर्यंत नेलं. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "भूक लागलीय रं." प्रसादापेक्षा मला ते शब्द गोड वाटले.

आई आता नाही. आताच्या गाडीत बटण दाबलं की चारी चाकं जोडली जातात, उतरायची गरज नसते. तरी चढ लागण्याआधी मी उतरतो. बरोबरचे लोक चेष्टा करतात, करोत. मी तिचा करंडा घेतो, डाव्या चाकाशी गुडघा टेकतो आणि म्हणतो, माझं बघून झालंय, आता तू बघ.