मामाजींची तहान

सिंदी रेल्वे गावच्या मंदाबाईंकडे अखाजीची घागर भरली, की तिच्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही. अक्षय्य तृतीयेचं ते पाणी पितरांचं. मातीची कोरी घागर, आत वाळ्याची जुडी, शेजारी गुळाच्या पन्ह्याचा पेला, आणि सासऱ्यांचं, म्हणजे मामाजी लक्ष्मणरावांचं नाव घेऊन सोडलेली धार. मंदाबाईंनी जन्मभर उपास केले, पारायणं केली, पण जीव गुंतलेला तो या घागरीत.

त्याला कारण होतं. लक्ष्मणरावांचं पोटाचं ऑपरेशन झालं ते भर वैशाखात. पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं दवाखान्यात बजावलेलं. उशाशी नवी सून मंदा. "सूनबाई, पाणी दे वं," ते सारखे म्हणत. तिनं तांब्या पदराआड लपवला. ते तसेच गेले. तेव्हापासून भर दुपारी घर निजलं, की रांजणावरचं झाकण हललं असं मंदाबाईंना वाटे.

यजमान पुंडलिकरावांचं बियाण्याचं दुकान. त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. केमोनं भागेना, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी इम्युनोथेरपीचं सलाईन सुरू केलं. अंगातल्या राखणदारांना जागं करणारं औषध, असं त्यांनी समजावलं. गाठ आकसली. पुंडलिकराव पुन्हा गल्ल्यावर बसू लागले, गिऱ्हाइकांची फिरकी घेऊ लागले. अंगात काहीही नवं दिसलं तर फोन करा, म्हणून डॉक्टरांनी नंबरचं कार्ड दिलं होतं. मंदाबाईंनी ते देवघरात अंगाऱ्याच्या डबीखाली ठेवलं.

अखाजी जवळ आली आणि पुंडलिकरावांना तहान लागू लागली. वैशाखात ती कोणाला लागत नाही? पण ही निराळी होती. तांब्या रिता करून ते रांजणाकडेच बघत राहत. सून, मुलगा योगेंद्रची बायको रक्षा म्हणाली, बाबा वाळत चाललेत, डॉक्टरांना विचारू या. मंदाबाईंनी ते उन्हावर ढकललं. मनातलं त्या बोलल्या नाहीत. ही तहान यांची नव्हेच, मामाजी लेकाच्या तोंडानं पाणी पितात, असं त्यांनी पक्कं धरलं होतं. आणि पितरांची गोष्ट डॉक्टरच्या कानावर कोण घालतं?

ज्यांना थेंब दिला नाही, त्यांना आता मंदाबाई भरभरून पाजू लागल्या. कधी गुळाचं पन्हं, कधी साखर घातलेलं बेलाचं सरबत. पेला देताना आधी मामाजींचं नाव पुटपुटत. जितकं पाजावं तितकी तहान चढे. पुंडलिकराव रात्री लघवीला जात त्या न्हाणीच्या मोरीशी मुंग्यांची रांग लागली. रक्षा खराटा घेऊन धावली, तर मंदाबाईंनी तिला अडवलं आणि मुंग्यांपुढे पितरांच्या नावानं चिमूटभर पीठ ठेवलं.

"योगेंद्रची माय," पुंडलिकराव हसले, "माह्यापेक्षा माह्या बापाचीच खातिर करून राह्यली तू."

अखाजीच्या दिवशी मंदाबाईंनी आपलाच नेम मोडला. पूजा झाल्यावर घागरीतलं पाणी आणि पितरांपुढचं पन्हं, दोन्ही यजमानांना दिलं. दुपारी त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या. मग श्वास खोल चालू लागला, विहीर चढून आलेल्या माणसासारखा. तोंडाला पिकून उतरलेल्या आंब्याचा वास. बाहेर कावळ्याचा घास तसाच पडलेला. डोळे अर्धे मिटून पुंडलिकराव पुटपुटले, "सूनबाई, पाणी दे वं."

रक्षा दारातच उभी होती, हाक तिलाच असणार. पण मंदाबाई भिंतीला टेकल्या.

"आले," त्या म्हणाल्या. "मामाजी आले."

रक्षानं अंगाऱ्याच्या डबीखालचं कार्ड ओढलं. फोनवर डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, तहान फार लागते का? पुढचं ऐकून म्हणाले, गोड काही देऊ नका, गाडी काढा, जवळच्या मोठ्या दवाखान्यात आधी शुगर बघा.

वर्ध्याच्या दवाखान्यात यंत्रावर आकडाच आला नाही, नुसतं इंग्रजीत 'हाय' उमटलं, म्हणजे साखर मोजण्यापलीकडे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की औषधानं जागे झालेले राखणदार कॅन्सरवर तुटून पडले तसे घरच्यांवरही उलटले. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच त्यांनी मारल्या. असं क्वचित होतं. पन्ह्यानं हा आजार झाला नाही, पण पन्ह्यानं तो भडकला. मंदाबाईंनी दोन्ही वाक्यं ऐकली. मनात राहिलं दुसरं.

इन्सुलिन सुरू झालं. ओकारी थांबेपर्यंत तोंडानं पाणी नाही, नर्सनं बजावलं. पुंडलिकरावांनी सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली आणि पाणी मागितलं. पुन्हा वैशाख, पुन्हा खाट, पुन्हा तांब्या उशाशी. मंदाबाईंचा हात पदराकडे गेला आणि थांबला.

"बाई," त्यांनी नर्सला विचारलं, "ओठ तरी ओले करू?"

नर्सनं ओला कापूस हातात दिला. तो ओठांवरून फिरवताना त्यांच्या ध्यानात आलं, की एवढं तेव्हाही विचारता आलं असतं. विचारलं नव्हतं.

पुंडलिकराव वाचले. गाठ अजून दबलेली आहे, आणि प्रत्येक जेवणाआधी पोटात इन्सुलिनची सुई आहे, ती आता जन्माची. यंदाच्या अखाजीला घागर भरून झाली. त्यांनी गिलासभर पाणी पिऊन दुसरा गिलास मागितला, तशा मंदाबाईंनी रांजणावर झाकण ठेवलं.

"आंधी बोट द्या. मंग पाणी."

"बाप्पा," बोट पुढे करत ते म्हणाले, "मेलेल्याले घागर अन् जित्याले सुई."

रक्ताचा थेंब पट्टीवर चढला. आकडा यायचा होता. मंदाबाईंनी कोपऱ्यातल्या घागरीकडे पाहिलं. पाणी बोटभर उतरलं होतं. कोरी माती पाणी पितेच, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्या उठल्या आणि घागर काठोकाठ भरली.