दादाच्या फोनवरून आलेलं ‘होय’

गेल्या नोव्हेंबरातला शुक्रवार, दादाचं रत्नागिरीचं घर. काम एकच — दादाचं मेल अकाउंट उघडून सगळे जुने मेल उतरवून घ्यायचे. घर आणि नोकरी सांभाळताना भुताखेतांसाठी मला कधी वेळ मिळाला नाही, आणि हे लिहितानाही मी त्यांची वकिली करत नाहीये. घडलं तेवढं सांगते.

दादा रत्नागिरीत बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. पूर्णगडला एका बोटीची ट्रायल घ्यायला गेला आणि खाडीच्या तोंडाशी बोट उलटली. बाकीचे पोहून आले. दादा सापडला नाही, त्याच्या खिशातला फोनही नाही. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून दहन करतात. वर्ष होत आलं तरी वहिनी त्याला तयार नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, “वन्सं, आधी यांचे मेल वाचवून द्या. मग करा काय ते.” मी गुरुजींना लगेच शनिवारची सकाळ सांगून टाकली.

पासवर्ड वहिनींना पाठ होता. पण तो टाकला की स्क्रीनवर एक आकडा यायचा — ‘तुमच्या फोनवर हाच आकडा निवडा.’ फोन समुद्रात! दुसरा मार्ग निवडला तर कोड जाणार बंद झालेल्या सिमवर. कंपनीला कळवावं तर मृत्यूचा दाखला हवा, आणि देहच नाही म्हणून दाखला अजून अडकलेला... दुपारभर माझं डोकं उठलं.

वहिनी चहा घेऊन आल्या. “काय म्हणतोय?”

“सत्तेचाळीस निवडा म्हणतोय. कोण निवडणार, कपाळ!”

वहिनी हसल्या. मग मागच्या पडवीकडे तोंड करून, रोजच्यासारखं म्हणाल्या, “अहो, ऐकलंत का? सत्तेचाळीस.”

अकाउंट उघडलं.

मी लॉग-आउट केलं, परत प्रयत्न केला. नवा आकडा मनातच वाचला. काही नाही. वहिनींनी तो वाचून हाक मारली — उघडलं. फोन कुणाला तरी सापडला असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं. पण माझ्या समोरच्या स्क्रीनवरचा आकडा त्याला कसा कळणार?

तरी मेल उतरवायला लावले. काम ते काम. अर्धे झाले असतील, तेवढ्यात मध्येच एक चौकट आली — ‘कोणीतरी साइन-इन करू पाहत आहे. तुम्हीच आहात का?’ खाली होय, नाही. उपकरण — दादाचा फोन. ठिकाण — रत्नागिरी.

पूर्णगड नाही... रत्नागिरी.

“आले,” वहिनी म्हणाल्या. “सरका, वन्सं.” त्यांचा हात ‘होय’कडे गेला. मी मनगट धरलं.

“वहिनी, दादा असता तर दार वाजवलं असतं त्याने. असं विचारत बसला नसता.”

“तुमचा सख्खा भाऊ ना तो? घरात नकोय तुम्हाला?”

मी ‘नाही’ दाबलं. अकाउंट त्याच क्षणी बंद झालं. उतरवलेले मेलही उघडेनात, ते आजतागायत.

कॉम्प्युटरमधल्या दोन जाणकारांना विचारून झालं.

शनिवारी सकाळी वहिनींनी खोलीचं दार उघडलं नाही. मी एकटीच स्मशानात गेले, गुरुजींनी बांधलेल्या दर्भाच्या पुतळ्याला स्वतःच्या हाताने अग्नी दिला, आणि त्यातली शेवटची काडी जळेपर्यंत तिथून हलले नाही.