माणसाळलेलं चितळ

राष्ट्रीय उद्यानातल्या तळ्याकाठी एक चितळ अगदी आमच्याजवळ येऊन उभं राहिलं. मागे निळे डोंगर. सगळ्यांनी मोबाइल काढले. "किती माणसाळलंय हो!" बायको म्हणाली.

मला मात्र संशय आला. रानातलं जनावर माणसाला भीत नाही, म्हणजे त्याला कुणीतरी खाऊची चटक लावलीय. मी एकेकाच्या हाताकडे पाहू लागलो. तेवढ्यात बायकोच्या पर्सची चेन वाजली आणि चितळाने कान टवकारले. झाडं राखली, पाणी राखलं. याच्या मनातली माणसाची भीती कोण राखणार?

मी जोरात टाळी वाजवली. "अहो, काय हे!" सगळेच चिडले. चितळ उधळलं, झाडीपाशी थबकलं आणि वळलं. इतका वेळ ते आमच्या पिशव्यांकडे बघत होतं. आता पहिल्यांदाच आमच्या तोंडाकडे बघत होतं, संशयाने.

तेव्हा कुठे मला बरं वाटलं.